तीन नंबरची वायर

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चहा घेताना सूनबाई एकदम म्हणाली, "बाबा, गाडी चालू करायची का?"

मला कळेचना. आमच्याकडे गाडी कुठे आहे? मग लक्षात आलं, ती शेडमधली म्हणतेय. आमच्या मुलाने भंगाराच्या आवारातून ओढून आणलेली हिरवी मोटार. वयाने माझ्याहून थोडीच लहान. "बायकोच्या नावावर घेतलीय, म्हणजे ती मला गाडीसकट घराबाहेर काढणार नाही," असं तो म्हणायचा. तो जाऊन येत्या मार्चात तीन वर्षं होतील. ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या डोक्यातली शीर फुटली. चौतीस वर्षांचा होता. तेव्हापासून गाडीवर ताडपत्री आहे आणि ताडपत्रीवर शेजारच्यांचं मांजर.

मी म्हटलं, "मला मोटारीतलं काय कळतं? शाळेच्या प्रयोगशाळेत सदतीस वर्षं नळ्या धुतल्या मी."

"पण तुम्हाला बघता येतं ना. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि झालेलं लिहून ठेवा, असं मुलांना ओरडायचात म्हणे. तसंच करू. मला रविवारी सुट्टी असते."

पलीकडे आमची ही ताटं पुसत होती. तिचा हात थांबला. मुलाची आठवण आली असणार. त्याचं अर्धं राहिलेलं काम पुरं करावंसं सूनबाईला वाटतंय, हे चांगलंच आहे. तीन वर्षांत पोरीने पहिल्यांदा काही मागितलं. म्हणून ही वही काढली.

९ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर तयारी. जुनं पेट्रोल काढून टाकलं, त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. नवी बॅटरी बसवली. आज विसाव्या प्रयत्नाला इंजिन लागलं. लागलं म्हणजे खोकायला लागलं. सगळी गाडी थरथरते, मागून काळा धूर, ॲक्सिलरेटर दाबला की गुदमरते. तरी आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. ही दारात आली, धूर बघून पदर नाकाला लावून आत गेली.

चारही प्लग काढले. टोकांवर काजळी, दिव्याच्या काचेवर धरते तशी. सूनबाई लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, तिची कामाची पद्धत पक्की. चिकटपट्टीचे तुकडे कापून तिने चार प्लगांवर आणि त्यांच्या चार वायरींवर एक ते चार आकडे लिहून लावले. "पेशंटची अदलाबदल नको," म्हणाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुकानातून नवे प्लग आणले. दुकानदार म्हणाला, बसतात, सगळ्या जुन्या गाड्यांना हेच. बसवायच्या आधी नाक्यावरच्या उस्तादांना दाखवले, एवढी अक्कल देवाने दिली. उस्तादांनी गॅरेज मुलाच्या हवाली केलंय, हात कापतात, पण डोळे शाबूत. त्यांनी जुना प्लग आणि नवा प्लग शेजारी शेजारी धरला.

"मास्तर, आटे बघा. हा नखभर जास्त लांब आहे. घातला असता तर खालून पिस्टन वर येऊन याच्यावर आपटला असता. इंजिनाचं तेरावं घातलं असतंत."

मी मास्तर नव्हतो कधी, पण ते तसंच म्हणतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

उस्ताद स्वतः आले. काजळी बघून म्हणाले, "हिला सर्दी झालीय आणि तुम्ही वर बर्फ ठेवलाय. हे थंड प्लग आहेत." थंड म्हणजे ठिणगी थंड असं नाही. काही प्लग आपली उष्णता झटकन बाहेर टाकतात, ते वेगाने पळणाऱ्या इंजिनाला. आमच्या म्हातारीला टोक जरा गरम राहील असा प्लग हवा, म्हणजे काजळी जागच्या जागी जळून जाते. आटे बरोबर, उष्णता बरोबर असे चार प्लग त्यांनीच आपल्या डब्यातून काढून दिले. फटीत पातळ पट्टी सरकवून अंतर कसं मोजायचं ते सूनबाईला शिकवलं. पट्टी अडकू नये आणि सैलही पडू नये. तिला पहिल्या झटक्यात जमलं. "हिला माझ्याकडे कामाला पाठवा," उस्ताद म्हणाले. ती हसली आणि खाली बघायला लागली.

धूर गेला. गुदमरणं बरंच कमी. पण अजून मध्येच एक ठोका चुकतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

अर्धा तास गाडी चालू ठेवून प्लग काढले. एक, दोन आणि चार सुरेख, भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे. तीन नंबर ओलाचिंब, पेट्रोलचा वास. म्हणजे तिथे पेट्रोल पोचतंय, जळत नाही. उस्तादांनी सांगितलेली युक्ती केली. इंजिन चालू ठेवून जाड रबरी हातमोजा घालून एकेक वायर उपटायची. एक काढली, इंजिन लंगडलं. दोन, लंगडलं. चार, लंगडलं. तीन काढली, काहीच नाही. मेलेल्याला काय मारणार.

सूनबाई म्हणाली, "कितीतरी दिवस नुसता जागेवर बसून आहे, कोणाला पत्ताच नाही." असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या गालाला ग्रीस लागलं असावं. पुसलं.

पुढच्या रविवारी कारण शोधू म्हणाली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

धीर निघेना. ती ड्यूटीवर गेल्यावर मी एकट्यानेच केलं. तीन नंबरचा प्लग एकमध्ये घातला, एकचा तीनमध्ये. दोष तीनलाच राहिला. म्हणजे प्लगचा गुन्हा नाही. आता वायरी बदलायच्या, पण करंट वाटणाऱ्या डबीवर कुठलं भोक कितव्या सिलिंडरचं ते पाहायला हवं होतं. मुलाचं गाडीचं पुस्तक सूनबाई पुढच्या सीटवर ठेवते. उघडलं.

नेमकं प्लगच्या पानावर एक पत्र होतं. तिच्या नावाचं. एका नर्सिंग कॉलेजातलं, इथून अख्ख्या दिवसाच्या रस्त्यावरचं. शिकवण्याच्या जागेवर नेमणूक. १५ डिसेंबरपर्यंत रुजू व्हावे. पत्रावर तारीख २० ऑक्टोबर.

परत वाचलं. घडी होती तशी घालून त्याच पानावर ठेवलं.

ती कधी वस्तू विसरत नाही. कात्रीसुद्धा खिळ्यावर लावते. पत्र कसं विसरली कोण जाणे. आणि २० ऑक्टोबर म्हणजे गाडीची गोष्ट काढायच्या आधीच तिचं ठरलं होतं. आता कळलं, गाडी कशाला हवी ते. जायला.

वायरी बदलून बघितल्या. दोष तीनवरून एकवर आला. म्हणजे तीन नंबरची वायर. आतून तुटलेली, वरून धडधाकट. सापडलं. आनंद व्हायला हवा होता. वायरी पुन्हा होत्या तशा लावल्या.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नवी वायर आणली. कोटाच्या खिशात आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

नवी वायर खिशात, जुनी जागेवर. मी काय करतोय ते मला कळतंय. वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो.

सूनबाईने बॉनेट उघडलं, बराच वेळ वायरींकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, तीनची वायर बदलून बघायची का?"

"वायर बघितली मी. ठीक आहे."

"तुम्ही बघितलीत?"

"हो. कार्ब्युरेटर उघडू या."

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं." पाना घेऊन आली. वाचलो. यंत्राची नस तिला अजून तेवढी कळत नाही, नाहीतर पकडलंच असतं मला.

७ डिसेंबर, रविवार

कार्ब्युरेटर सगळा सुटा केला. बारीक छिद्रांत फुंकर मारून मारून गाल दुखले. तिच्या नाकावर काळा डाग होता, मी सांगितलाच नाही. मुलाची गोष्ट निघाली. लग्नाआधी तो तिला भेटायला मित्राची मोटार मागून न्यायचा, आणि ती दरवेळी बंद पडायची. "पहिल्या चार भेटींत आम्ही फक्त ढकललंय," म्हणाली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माझ्याही. तो गेल्यापासून त्याच्याबद्दल आम्ही असं कधी बोललो नव्हतो. त्याचं नाव निघालं की मी उठून जायचो, हे आमची ही मला अनेकदा म्हणालीय.

कार्ब्युरेटर लख्ख. इंजिन तसंच लंगडं. असे रविवार मिळणार असतील तर लंगडू दे.

१० डिसेंबर, बुधवार

गॅलरीत ती फोनवर बोलत होती. मी वाळलेले कपडे काढायला गेलो होतो, मुद्दाम नाही. "मॅडम, थोडी मुदत मिळाली तर... हो. नाही, घरचं एक काम अर्धवट आहे. ते टाकून मला येता येणार नाही."

आत येऊन पाणी प्यायलो. बरं वाटलं. बरं वाटलं याची लाजही वाटली. दोन्ही खरं आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

आज १५. ती नेहमीच्या वेळेला ड्यूटीवर गेली, नेहमीच्या वेळेला आली.

२१ डिसेंबर, रविवार

उस्ताद न बोलावता टपकले. इंजिनाचा आवाज ऐकला, हात पुढे केला. तीनच्या वायरीला दुसरा प्लग लावून लोखंडाला टेकवला आणि मला सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी नाही.

"मास्तर, ही वायर मेलीय! लहान पोरालाही सापडेल. महिनाभर काय करत होतात तुम्ही?"

सूनबाई चहाची किटली घेऊन दारात आली होती. म्हणाली, "राहू द्या उस्ताद. आमचं आम्हाला शोधू द्या. चहा आणलाय, घ्या."

उस्तादांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चहा प्यायले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, असा कधी ठेवत नाहीत.

तिला उस्तादांचं म्हणणं ऐकू आलं नसेल. इंजिन तेव्हा बंद होतं, पण ती किटलीकडे बघत होती.

२८ डिसेंबर, रविवार

आज तिने सुट्टी असून बदली ड्यूटी घेतली. दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो. ही समोर येऊन बसली. पेपर काढून घेतला माझ्या हातातून.

"तिची जागा गेली."

"कसली जागा?"

"अहो, पुरे झालं आता. काल फोन आला. आणखी थांबता येत नाही म्हणाले, दुसरीला घेतलं. रात्री पोरीने जेवण वाढलं, भांडी आवरली, उद्याचा गणवेश इस्त्री केला. एक शब्द नाही. मला सकाळी सांगितलं."

मी चष्मा काढला.

"मला ऑक्टोबरपासून माहीत आहे. मीच म्हटलं तिला, जा म्हणून. तेहतीस वर्षांची आहे. आपल्या दोघांच्या गोळ्यांचे डबे भरत म्हातारी होऊ दे का तिला? तिचा पाय निघत नव्हता तो तुमच्यामुळे. म्हणाली, आई, बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. त्यांच्या हातात काहीतरी देऊन जाते. गाडी चालू झाली की त्यात रमतील. मग सांगेन आणि निघेन."

"गाडी तिला न्यायला हवी होती," मी म्हटलं.

"बसने जाणार होती ती. तिकीट काढलं होतं."

मग ही जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. "माझाही मुलगा गेला. मला कोणी गाडी दिली नाही. मी पोळ्या केल्या, रोज, तीन वर्षं. तुम्ही एकदा विचारलं नाहीत." आणि उठून आत गेली.

मग आत गेलो. ही पलंगाच्या कडेवर बसली होती. शेजारी बसलो. काय विचारायचं ते सुचेना. तिचा हात धरला, तर तिने तो काढून घेतला नाही, एवढंच.

२९ डिसेंबर, सोमवार

ती ड्यूटीवरून आल्यावर तिला शेडमध्ये बोलावलं. खिशातून वायर काढून पुढे धरली.

"ही पंचवीस नोव्हेंबरपासून माझ्याकडे आहे."

"सव्वीस," ती म्हणाली. "पंचवीसला तुम्ही दिवसभर शेडमध्ये होतात, आईंनी सांगितलं. तेव्हा वायरी बदलून बघितल्यात. परत लावताना तीनची चिकटपट्टी उलटी झाली. मी तीसला बघितलं. कोटाचा खिसा सव्वीसच्या संध्याकाळीच फुगला होता."

"माहीत होतं तुला?"

"बाबा, ते पत्र पुस्तकात कोणी ठेवलं असं वाटतं तुम्हाला? मला तोंडाने सांगायला जमत नव्हतं. वाटलं, तुम्हाला सापडेल, तुम्ही वाचाल, एक दिवस रागवाल आणि मग म्हणाल, जा. मी वाट बघत होते."

"आणि मी वायर लपवली."

"हो. तुम्ही नको जाऊ म्हणाला असतात ना, तर मी भांडले असते. जिंकलेही असते. पण तुम्ही काही बोललाच नाहीत. बोलत नाही त्याच्याशी भांडायचं कसं?"

"पण तू का थांबलीस? निघून का गेली नाहीस?"

ती मडगार्डवर हात फिरवत राहिली. "सात तारखेला तुम्ही त्याच्याबद्दल बोललात. मला वाटलं, अजून एक रविवार. मग अजून एक. मलाही हवे होते ते, खोटं कशाला बोलू?"

"राग आलाय?"

"आलाय," ती म्हणाली.

मी तीन नंबरची वायर बदलली. वायरीची टोपी घट्ट बसेना, शेवटी तिनेच दाबून बसवली. सेल्फ मारला. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं आणि एका सुरात चालू लागलं. चार ठोके, पुन्हा चार ठोके. मुलाने हा आवाज कधी ऐकला नाही. आम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहून ऐकत होतो. कोणी हसलं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

मी स्वतः बसून तिचे चार अर्ज लिहिले. माझं अक्षर चांगलं आहे, आणि अर्ज छापील चालतात हे तिने मला चारही झाल्यावर सांगितलं. थोडी हसली. अजून पूर्वीसारखी बोलत नाही.

संध्याकाळी हिला घेऊन फिरायला गेलो. वाटेत मुलाची शाळा लागते, म्हणून मी तीन वर्षं तो रस्ता टाळत आलो. ही मात्र रोज भाजीला तिथूनच जाते. मला माहीत नव्हतं.

२२ जानेवारी, गुरुवार

एका ठिकाणाहून उत्तर आलं. लहानसं हॉस्पिटल, डोंगरापलीकडे, दोन दिवसांचा रस्ता. शिकवण्याची जागा नाही. वॉर्डातलीच ड्यूटी, इथल्यासारखी. पहिली जागा चांगली होती, ती माझ्या खिशात राहिली. ती म्हणाली, "जाते मी. आता थांबले तर परत निघणं व्हायचं नाही."

मी म्हटलं, "गाडी घेऊन जा. तुझ्या नावावर आहे."

"ती तुमच्यासाठी होती, बाबा."

"पोरी, गाडी इथे राहिली आणि तू कधी भेटायला आलीस, तर मी पुन्हा काहीतरी बिघडवून ठेवीन. माझा भरवसा नाही. घेऊन जा."

ती खूप दिवसांनी माझ्याकडे नीट बघून हसली. मग रडली. ही दारातून म्हणाली, "ने गं. शेडमध्ये मला कपडे वाळत घालायला दोरी बांधायचीय."

१ फेब्रुवारी, रविवार

उजाडताना निघाली. काल उस्तादांनी पाणी, तेल, पट्टा सगळं तपासून दिलं. गाडीतलं सामान थोडंच होतं. दोन बॅगा, एक गादी, मुलाचा फोटो. फोटो मागताना ती अडखळली, हिने आधीच कापडात गुंडाळून ठेवला होता.

नमस्कार केला. हिच्या गळ्यात पडली, बराच वेळ. माझ्यापाशी आली तेव्हा मी तिला सांगायला लागलो की चढावर चोक ओढू नकोस, आणि मध्येच थांबलो, कारण ते तिला माझ्याहून चांगलं माहीत आहे. "माझं चुकलं," म्हटलं. "हो," म्हणाली, आणि माझा हात तिने दोन्ही हातांत धरला.

आमच्या दारातून कोणी "जातो" म्हणून बाहेर पडलेलं हिला चालत नाही. गॅसवाला असो, नळवाला असो, ही लगेच टोकते, "येतो म्हणा हो." हिच्याशी भांडून मी तरातरा निघालो तरी फाटकातून परत बोलावून "येतो" म्हणवून घेते.

सूनबाईने गाडी चालू केली, काच खाली घेतली आणि म्हणाली, "जाते, आई. जाते, बाबा."

मी हिच्याकडे बघितलं. ही काही बोलली नाही. नुसता हात हलवला.

गाडी कोपऱ्यावर वळली. रस्ता रिकामा होता म्हणून आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला, चारही सिलिंडर, एकसारखा. मग तोही येईनासा झाला. मी आत जायला वळलो. ही फाटकाला धरून उभीच होती. रस्त्याकडे बघत, लहान मुलाला बोलायला शिकवावं तसं, अगदी हळू म्हणाली,

"येते म्हणावं गं."